हातचा एक

यादी मीच टाइप केली, शाळेच्या ऑफिसात,
कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवून.
रकाने आखूनच आले होते:
क्रमांक, जागा, नाव, जन्मतारीख,
सामने, गोल, क्लब.
वीस ओळी. एकविसावी घातली तर फॉर्म परत येतो.

सामने आणि गोल यांच्याखाली शून्यंच जास्त.
मी फुनाफुतीतली गणिताची बाई,
शून्याचं मला काही वाटत नाही.

एक, पेनितुसी, गोलकीपर. बंदरावर पोती उतरवतो.
चार, लोपाती. वेटलिफ्टिंगच्या यादीतही हाच;
एकाच तिकिटात दोन खेळ, कमिटी खूश.
नऊ, एतिमोनी. जन्मतारीख त्याच्या आईला सांगता येईना.
म्हणाली, पुलाकाच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं,
त्याच्या आदल्या महिन्यात.
मी चर्चच्या वहीत शोधली. वहीही भिजलेली.
शेवटी तेरा तारीख टाकली. तेराला कोण खोटं म्हणणार?

सराव धावपट्टीवर.
भोंगा वाजला की बॉल काखोटीला मारून बाजूला व्हायचं,
विमान उतरू द्यायचं,
आणि मग स्कोअर किती होता यावर भांडायचं.

वीस, उओता. नानुमेआचा. डाव्या पायाचा.
अशी बॉलला वळण देणारी पोरं
आमच्याकडे फार नाहीत.
तो बोटीनं यायचा होता.
बोट आली नाही. समुद्र चढला होता,
पहिल्या दिवशी चढला, तिसऱ्या दिवशीही उतरला नाही.
मी होनियाराला फोन लावला.
पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली,
मॅडम, यादी बंद झाली.

एकोणीस जण विमानात बसले.
वीस नंबरचा शर्ट बॅगेत, घडी न मोडलेला.
हातचा एक विसरू नका, हे मी पोरांना रोज सांगते.

पहिला सामना दहा-शून्य.
दुसरा सात.
समोरच्यांकडे पाय चोळायला माणूस, बर्फाची पेटी,
शर्टाच्या पाठीवर छापलेली नावं.
आमच्याकडे मी, एक शिट्टी आणि नारळ.

तिसऱ्या सामन्यात लोपातीचं नाक फुटलं.
रक्ताचा शर्ट चालत नाही म्हणे.
दुसरा शर्ट एकच होता.
पंचांनी पाहिलं, मान हलवली,
टेबलावरच्या माणसानं वीस लिहिलं.
नाकात कापूस कोंबून लोपाती परत धावला, बैलासारखा,
आणि सदुसष्टाव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला बॉल
त्याच्या नडगीला लागून आत गेला.
त्याला बॉल दिसलासुद्धा नव्हता.
आमचा एकमेव गोल.
निवेदकानं यादीत बोट फिरवलं आणि
रेडिओवर सगळ्या बेटांना ओरडून सांगितलं:
उओता! उओता! उओता!

रात्री दुरुस्तीचा फॉर्म आला. तीन प्रती, शाईनं भरा.
लोपाती झोपला होता, सकाळी त्याला वजन उचलायचं होतं.
झोपायच्या आधी एवढंच म्हणाला,
माझं नाव तिकडच्या यादीत आहे की.
मी पेनाचं टोपण काढलं.
परत लावलं.

चार दिवसांनी नानुमेआहून फोन.
लाइन खरखरत होती, मागे कोंबडे,
आणि बरीच माणसं दबक्या आवाजात हसत होती.
उओतानं आधी सगळ्यांची खुशाली विचारली.
पेनितुसीचा खांदा, लोपातीचं नाक,
परतीचं विमान कधी.
मग थोडा वेळ नुसती खरखर.
मग अगदी हळू:

बाई,
मी तो कुठल्या पायानं मारला?

डाव्या, मी म्हणाले.
आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
सातवीचा पेपर काढायला घेतला.